काढ्यानं क्रिएटिनिन उतरलं, की जुलाब थांबले म्हणून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ६१ वर्षांचे, मधुमेह १४ वर्षांचा, किडनी कमजोर झाल्याचं कळून तीन वर्षं झाली. जूनमध्ये क्रिएटिनिन (किडनी कमी गाळू लागली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) ३.८ झालं आणि डॉक्टरांनी डायलिसिसची मनाची तयारी ठेवायला सांगितली. मामांनी ओळखीच्या वैद्यांकडून पुनर्नवा, गोखरू आणि वरुण यांची भरड आणून दिली, तुम्ही रोज तिचा काढा करून दिलात आणि सहा आठवड्यांनी क्रिएटिनिन २.९ आलं. आता काढा चालू ठेवावा का, महिनाभर बंद करून फरक पाहावा का, आणि डोळ्यांना दिसेल इतका गुण येत असताना या वनस्पतींची नीट शास्त्रीय चाचणी का होत नाही, हे तुम्ही विचारलंत.

मी नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर आहे, २६ वर्षं हेच काम करतो. गेली काही वर्षं आयुर्वेदिक औषधांच्या चाचण्यांचे आराखडे तपासणाऱ्या एका नीतिसमितीवरही आहे. वनस्पतींनी अपाय झालेले रुग्ण मी पाहिलेत, तसेच प्रामाणिकपणे चाचणी करू पाहणारे वैद्यही पाहिलेत. माझं उत्तर या दोन्ही अनुभवांतून येतं. वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांसमोर बसूनच घ्या.

तुम्ही जाता जाता लिहिलेल्या चार गोष्टींपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते उत्तर तिथेच आहे. जूनमधली तपासणी लग्नाहून परतल्यावर चार दिवस जुलाब झाले तेव्हाची होती, आणि नंतर दोन दिवस सलाईन लावलं. वैद्यांनी काढा देताना गुडघ्यासाठीची डायक्लोफेनॅकची गोळी बंद करायला सांगितली. मटण-मासे बंद झाले आणि वजन पाच किलो उतरलं. दुसरी तपासणी वेगळ्या लॅबमध्ये केली.

यातली प्रत्येक गोष्ट एकटीच क्रिएटिनिन खाली आणू शकते. जुलाबांत अंगातलं पाणी गेलं की किडनीला रक्त कमी पोहोचतं. आधीच अधू असलेली किडनी त्या दिवसांत आणखी गळपटते आणि पाणी भरून निघालं की पुष्कळ अंशी सावरते. त्यात डायक्लोफेनॅक चालू असेल तर घाव दुहेरी, कारण ही वेदनाशामकं किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक धमन्या आवळतात. ती बंद करायला सांगणारे वैद्य शहाणे आहेत. त्यांच्या चिठ्ठीतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच होतं, असं मी मनापासून म्हणतो. क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत, थोडं मांसाहारातूनही येतं. स्नायू झडले आणि मटण थांबलं की किडनीत काडीचाही फरक नसताना रिपोर्टमधला आकडा उतरतो. लॅबचं म्हणाल तर काही ठिकाणी अजून १८८६ सालची याफेची पिक्रिक आम्लाची पद्धत सुधारून वापरतात, तर काही ठिकाणी एन्झाइमची. एकाच नमुन्याचे आकडे दोन्हीकडे थोडे वेगळे येऊ शकतात.

आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली आहे. तुम्ही जानेवारीचा रिपोर्टही पाठवलात. त्यात क्रिएटिनिन २.४ आहे. वय आणि क्रिएटिनिन यांवरून किडनीची गाळणक्षमता (मिनिटाला किती मिलिलिटर गाळलं जातं ते) काढायचं जे सूत्र आज वापरात आहे, त्यानं हिशेब केला तर जानेवारीत ती सुमारे ३० होती, जूनमध्ये १७ आणि आता २४. तुम्ही १७ आणि २४ शेजारी ठेवून आनंदलात, जे स्वाभाविक आहे. पण जूनचा आकडा आजारपणातला होता. खरी तुलना जानेवारीशी, आणि सात महिन्यांत ३० वरून २४ ही घसरण आहे. हे वाचून वाईट वाटेल, तरी सांगणं भाग आहे, कारण ‘गुण आला’ या समाधानात पुढचे सहा महिने गेले तर ते परत मिळणार नाहीत.

मग काढ्याचा काहीच उपयोग झाला नाही का? ते मला सांगता येणार नाही, तुम्हाला नाही, वैद्यांनाही नाही. काढा घेतला नसता तर या सहा आठवड्यांत काय झालं असतं, हा खरा प्रश्न आहे. एकाच माणसावर दोन्ही गोष्टी करून पाहता येत नाहीत. चाचणी म्हणून आपण जे करतो ते सगळं या एका अडचणीवरचा उपाय आहे.

किडनीच्या बाबतीत ही अडचण जास्तच फसवी होते. डापाग्लिफ्लोझिन या औषधाची मोठी चाचणी २०२० साली प्रसिद्ध झाली. तीत ४,३०४ रुग्ण होते, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच पण निष्क्रिय गोळी. रक्तदाबाची नेहमीची औषधं दोन्ही गटांना चालूच होती. साधारण २.४ वर्षं सगळ्यांवर लक्ष ठेवलं. गाळणक्षमता कायमची निम्म्याहून खाली येणं, किडनी निकामी होणं, किडनीमुळे किंवा हृदयविकारानं मृत्यू, यांपैकी काहीतरी औषधाच्या गटात शंभरात ९.२ जणांवर ओढवलं आणि निष्क्रिय गोळीच्या गटात १४.५ जणांवर. फरक मोठा आहे, म्हणूनच ते औषध आज आम्ही लिहितो. पण जरा निष्क्रिय गोळीवाल्यांकडे पाहा. त्यांच्यातल्या शंभरापैकी ८५ जणांवर एवढ्या काळात यातलं काहीच ओढवलं नाही. त्यांना त्या गोळीऐवजी एखाद्या बाबांचा अंगारा दिला असता, तर ८५ कुटुंबांनी ‘अंगाऱ्यानं किडनी वाचली’ असं सांगितलं असतं, आणि त्यांतलं कोणीही खोटं बोलत नसतं. हा आजार बहुतेकांत संथ चालतो, मध्येच थबकतो, जुलाब-तापात उसळतो आणि पुन्हा खाली येतो. माणूस नवा उपाय शोधतो तो आकडा उसळला असतानाच. त्यानंतर आकडा खाली येणं हे उपायाविनाही बहुधा ठरलेलंच असतं.

‘महिनाभर बंद करून पाहू’ ही कल्पना म्हणूनच इथे चालत नाही. गुडघेदुखीत, आम्लपित्तात ती चांगली चालते: औषध थांबवलं, दुखणं परतलं, पुन्हा दिलं, थांबलं. किडनीत मात्र वर्षानुवर्षांचे व्रण असतात. त्यांचा चढउतार महिन्याच्या मापात दिसत नाही. जो दिसतो तो पाण्याचा, जेवणाचा आणि लॅबचा.

दुसरी गोष्ट, नुसतं क्रिएटिनिन उतरणं म्हणजे किडनी सुधारणं नव्हे. आमच्या क्षेत्रानं हा धडा मोठी किंमत देऊन शिकला. बार्डोक्सोलोन नावाच्या औषधानं मधुमेही किडनीरुग्णांची गाळणक्षमता चक्क वाढते, असं २०११ साली प्रसिद्ध झालं. इतकी वर्षं आम्ही फक्त घसरण हळू करत होतो, आणि इथे आकडा वर चढत होता. मग २,१८५ रुग्णांवर मोठी चाचणी सुरू झाली आणि ती २०१२ मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण औषधाच्या गटात हृदय निकामी होण्याचं प्रमाण वाढलं होतं. आकडा सुधारत होता आणि माणसं दवाखान्यात भरती होत होती. उलट टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची औषधं किंवा डापाग्लिफ्लोझिन सुरू केलं की पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं, कारण गाळणीवरचा दाब उतरतो. तोच उतरलेला दाब पुढे वर्षानुवर्षं किडनी राखतो. फक्त दीड महिन्याच्या क्रिएटिनिनवर न्याय केला असता तर चांगलं औषध नापास आणि वाईट औषध पास झालं असतं.

आता तुमचा मोठा प्रश्न, चाचणी का होत नाही. अजिबात होत नाही असं नाही. चांगली चाचणी किती कठीण आहे हे कळलं की ‘का’ याचं उत्तर आपोआप मिळतं.

पहिला अडथळा वनस्पतीच्या ओळखीचाच. पुनर्नवा म्हणजे आपली घेटुळी, पावसाळ्यात जुन्या मुळातून पुन्हा फुटते म्हणून ते नाव. पण विषखापऱ्यालाही काही ठिकाणी पांढरी पुनर्नवा म्हणतात, आणि ती अगदी वेगळ्या कुळातली. तिच्यात ऑक्झलेट बरंच असतं, जे अधू किडनीला नकोच. एकदा माझ्या रुग्णानं काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली पुडी मी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला दाखवली. तिनं चुऱ्यातून काळ्या, किडनीच्याच आकाराच्या बारीक बिया वेचून काढल्या आणि म्हणाली, ‘हा विषखापरा. पुनर्नव्याचं फळ पाच कण्यांचं आणि चिकट असतं.’ गोखरूचंही तसंच. छोटं गोखरू म्हणजे पायात मोडणारे सराटे, मोठं गोखरू ही दुसरीच वनस्पती. पाषाणभेद या एका नावाखाली तर प्रांतोप्रांती निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. चाचणी करायची तर आधी नमुना पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणासारख्या संस्थेकडून ओळखून घ्यावा लागतो, वाळवून जपून ठेवावा लागतो, मूळ घेतलं की पंचांग, म्हणजे मुळापासून फळापर्यंत सगळी वनस्पती, आणि कोणत्या ऋतूत, ते लिहावं लागतं. पुढच्या प्रत्येक खेपेत घटक तेवढेच आहेत हेही दाखवावं लागतं. एवढं केलं नाही तर पुण्यातल्या चाचणीत पास झालेलं औषध आणि बार्शीच्या पुडीतलं औषध एकच आहे, असं कुणाच्या भरवशावर म्हणणार?

ओळख चुकली की काय होतं, हे ब्रुसेल्सच्या बायकांनी भोगलं. तिथल्या एका वजन घटवण्याच्या केंद्रात १९९० च्या सुमारास चिनी वनस्पतींच्या कॅप्सूल देत. नावातल्या सारखेपणामुळे ‘फांगजी’ म्हणून एका वनस्पतीऐवजी ॲरिस्टोलोकिया कुळातली दुसरीच आली. शंभराहून अधिक जणींच्या किडनीत झपाट्यानं व्रण पडले, कॅप्सूल बंद केल्यावरही ते थांबले नाहीत, आणि अनेकींना डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागलं. पुढे त्यांच्यापैकी ३९ जणांच्या निकामी किडन्या काढून तपासल्या तेव्हा १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग सापडला. ही परक्या देशातली गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. त्याच कुळातली ईश्वरी, म्हणजे सापसंद, आपल्या रानांत उगवते आणि साप-विंचवाच्या औषधांत वापरली जाते. ‘शेकडो वर्षं वापरात आहे, अपाय असता तर कळला असता’ हा युक्तिवाद मला म्हणूनच पटत नाही. आज घेतलेल्या मुळीनं सातव्या वर्षी कर्करोग झाला तर ती सांगड कोणताही अनुभवी वैद्य किंवा डॉक्टर आठवणीच्या जोरावर घालू शकत नाही.

दुसरा अडथळा उंदरांचा. इंटरनेटवर ‘पुनर्नवा किडनी’ शोधलंत तर तुम्हाला डझनावारी शोधनिबंध सापडतील आणि बहुतेकांत निष्कर्ष चांगलाच असेल. ते नीट वाचा. उंदराला जेंटामायसिन किंवा सिस्प्लॅटिन टोचून आठवडाभरात किडनी दुखावतात, आणि वनस्पतीचा अर्क पुष्कळदा त्याच्या आधीपासूनच चालू असतो. हे म्हणजे आग लावण्याआधी घर भिजवून ठेवणं झालं. तुमच्या वडिलांचं घर १४ वर्षं धुमसतंय. शिवाय उंदराला बहुधा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क देतात. तुम्ही घरी पाण्यात उकळता, आणि पाण्यात उतरणारे घटक निराळे. मात्रेचाही हिशेब करून पाहा. उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर रूढ सूत्रानं माणसाची मात्रा काढायला ६.२ नं भागायचं. साठ किलोच्या माणसाला रोज जवळपास चार ग्रॅम अर्क. दहा भाग वाळक्या वनस्पतीतून एक भाग अर्क निघतो असं धरलं, तर रोज चाळीस ग्रॅम मुळ्या. एवढं घरी सहसा कोणी घेत नाही. उंदरांवरचे प्रयोग टाकाऊ नाहीत, विषारीपणा पाहायला ते लागतातच. पण ‘सिद्ध झालं’ हा शब्द तिथे वापरायचा नसतो.

माणसांवर चाचणी करताना पहिली पंचाईत काढ्याचीच होते. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला खोटा काढा द्यायचा, तर तो तितकाच कडू, तुरट, तितकाच गढूळ आणि तशाच वासाचा हवा, पण त्यात औषध नको. आमच्यापुढे आलेल्या एका आराखड्यात खोट्या काढ्यासाठी चहाची पत्ती आणि कारल्याचा रस सुचवला होता. कारलं मधुमेह्यांना! तो परत पाठवावा लागला. म्हणून बहुतेकदा काढा आटवून, घन करून कॅप्सूलमध्ये भरतात. मग वैद्य रास्तपणे विचारतात की हे आमचं औषध राहिलं का, अनुपान गेलं, ताजेपणा गेला.

वैद्यांचा दुसरा आक्षेप आणखी खोल आहे आणि मी तो गांभीर्यानं घेतो. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, दोष वेगळा, मग सगळ्यांना एकच पुडी देऊन आयुर्वेदाची परीक्षा कशी होईल? याला उत्तर आहे. वैद्यांनी प्रत्येक रुग्णाला आपल्या पद्धतीनं तपासावं, हवं ते लिहावं, दर महिन्याला बदलावं. कोणाला खरं औषध द्यायचं आणि कोणाला तसंच दिसणारं खोटं, हे दुसऱ्याच खोलीतल्या माणसाकडे असलेल्या यादीनं ठरावं, आणि ते वैद्यांना किंवा रुग्णाला कळू नये. संधिवाताच्या रुग्णांत असा प्रयोग झालाय. कोइम्बतूरला ४३ रुग्णांवर वैद्यांनी प्रत्येकासाठी वेगळी योजना करून आयुर्वेदिक उपचार, मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं आधुनिक औषध आणि दोन्ही एकत्र यांची तुलना केली. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणी छोटी होती, पण असं करता येतं हे तिनं दाखवून दिलं. किडनीसाठी ते जास्त कठीण आहे, कारण संधिवाताची सूज काही महिन्यांत मोजता येते आणि किडनीला शेकडो रुग्ण आणि दोन-तीन वर्षं लागतात.

आणि इथे पैसा आडवा येतो. आपल्या कायद्यात प्राचीन ग्रंथांतला पाठ जसाच्या तसा बनवून विकायचा असेल तर माणसांवरची चाचणी दाखवावी लागत नाही. जे चाचणीविना विकता येतं, आणि ज्याचं पेटंट मिळणार नाही, त्यावर कोणता कारखानदार कोट्यवधी रुपये घालेल? २०१५ पासून वनस्पतींच्या शुद्ध केलेल्या अर्कांना आधुनिक औषधासारखी परवानगी मिळवण्याचा मार्ग खुला झाला आहे. किमान चार घटक मोजून दाखवायचे आणि पुढच्या सगळ्या चाचण्या करायच्या. मार्ग चांगला आहे, पण त्यावर गर्दी नाही. हे काम सरकारी पैशातूनच व्हायला हवं असं माझं ठाम मत आहे. देशातल्या हजारो किडनीरुग्णांना घरी कोणता ना कोणता काढा दिला जातो आहे, आणि आपण तो मोजतसुद्धा नाही.

कष्ट घेतले तर फळ मिळतं, हेही सांगायला हवं. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांचे रक्तदाब काटेकोर नोंदवले आणि १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात ते छापले. जगभर त्यातून रक्तदाबाच्या औषधांचा नवा काळ सुरू झाला. तीन वर्षांत त्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढे वापर वाढला तसं काही जणांना नैराश्य येतं असंही वाटू लागलं, आणि तेही लिहिलं गेलं. चीनमध्ये आपल्या रानभेंडीच्या जातीतल्या एका वनस्पतीच्या फुलांची कॅप्सूल ४१७ रुग्णांवर २४ आठवडे तपासली आणि २०१४ मध्ये निकाल छापला. लघवीतलं प्रथिन तिनं लोसार्टन या रक्तदाबाच्या औषधापेक्षा अधिक उतरवलं. मात्र ते रुग्ण मधुमेहाचे नव्हते, आजार सुरुवातीचा होता आणि २४ आठवड्यांत डायलिसिस टळतं का हे कळत नाही. आणि मघाशी ज्याची चाचणी सांगितली ते डापाग्लिफ्लोझिन? त्याचा पूर्वज म्हणजे सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली काढलेलं फ्लोरिझिन. सालीतला तो पदार्थ आतड्यात टिकत नव्हता, म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलली. वनस्पतींबद्दल माझ्या मनात आकस नाही. वडिलांना मी जे औषध सुचवणार आहे त्याचं मूळ झाडाच्या सालीत आहे.

हळदीचं उदाहरण मात्र सावध करणारं आहे. इतकी परिचित, इतकी निरुपद्रवी. कॅनडात पोटातल्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर ६०६ रुग्णांपैकी निम्म्यांना हळदीतलं करक्युमिन मोठ्या मात्रेत दिलं, किडनीचं रक्षण होईल या आशेनं. २०१८ मध्ये निकाल आला: करक्युमिनच्या गटात किडनीला इजा १७ टक्क्यांना, दुसऱ्या गटात १० टक्क्यांना. आमटीतल्या हळदीला यानं काही बाधा नाही. पण मात्रा वाढली की ओळखीचा पदार्थ अनोळखी होतो, आणि ते चाचणीशिवाय कळलं नसतं.

आता वडिलांविषयी. माझा सल्ला असा की काढा सध्या थांबवा. पुनर्नव्यात पोटॅशियमचे क्षार भरपूर असतात. गाळणक्षमता २४ असताना आणि टेल्मिसार्टन चालू असताना पोटॅशियम आधीच चढण्याच्या बेतात असतं. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापक आले होते, रोज सकाळी पेलाभर पुनर्नव्याचा ताजा रस घेत. पायांत शक्ती नाही म्हणून आले. पोटॅशियम ७.१ होतं आणि ईसीजी बदललेला. त्याच रात्री डायलिसिस करावं लागलं. तुम्ही पाठवलेल्या तिन्ही रिपोर्टांत पोटॅशियम तपासलेलंच नाही. ते याच आठवड्यात करून घ्या. सोबत लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण आणि जमलं तर सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी, जिच्यावर स्नायूंचा परिणाम फारसा होत नाही. वजन पाच किलो उतरलेल्या माणसात ते जास्त खरं बोलतं. यापुढे लॅब एकच ठेवा.

वडिलांची गाळणक्षमता ७० असती, पोटॅशियम ठीक असतं आणि फक्त ओळख पटलेली वनस्पती असती, तर मी इतका आग्रह धरला नसता. ‘डॉक्टरांना सांगून घ्या, तीन महिन्यांनी पाहू’ म्हटलं असतं. प्रत्यारोपण झालेलं असतं तर याहून कडक बोललो असतो, कारण अनेक वनस्पती आणि पपनसासारखी फळंसुद्धा प्रत्यारोपणाच्या गोळ्यांची रक्तातली पातळी बिघडवतात.

वैद्यांना भेटून एक विचारा: भरडीखेरीज कोणती गोळी किंवा भस्म दिलं आहे का? तुम्ही ‘सोबत एक लाल गोळी’ असं लिहिलंय, ती मला काढ्यापेक्षा जास्त खुपते. अमेरिकेत २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्शात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. वेल्लोरच्या डॉक्टरांनी २०२२ मध्ये किडनीच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण दाखवले, ज्यांच्या लघवीतून प्रथिन जात होतं आणि ज्यांनी पारायुक्त पारंपरिक औषधं घेतली होती. ती औषधं बंद केल्यावर बहुतेकांचं प्रथिन हळूहळू थांबलं. लाल गोळीत काय आहे याचं लेखी उत्तर मिळालं नाही, तर ती आजच बंद करा. गावाकडून कोणी बिलिंबीचा किंवा कमरकाचा (स्टार फ्रूटचा) रस सुचवला तर तोही नको. केरळात कोलेस्टेरॉलसाठी बिलिंबीचा रस पिऊन किडनी अचानक बंद पडलेले रुग्ण नोंदले गेलेत, आणि डायलिसिसवरच्या माणसाला कमरकानं न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येऊ शकतात.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर गाळणक्षमता ३० खाली गेल्यावर ते थांबवतात, ते पाहिलं आहे का? डापाग्लिफ्लोझिनच्या जातीचं औषध सुरू करता येईल का? गाळणक्षमता २० पर्यंत ते सुरू करता येतं, म्हणजे दार अजून उघडं आहे पण फार काळ नाही. आणि पुन्हा जुलाब-उलट्या झाल्या तर त्या दिवसांत कोणत्या गोळ्या थांबवायच्या, हे एका कागदावर लिहून घ्या. जूनमधलं संकट त्या कागदानं कदाचित टळलं असतं. डायक्लोफेनॅक कायमचं बंद, मेडिकलवाल्यानं दुसऱ्या नावानं दिलं तरी. रक्त काढायला उजवा हात द्या. वडील उजवे असतील तर डाव्या हाताच्या शिरा पुढे फिस्टुलासाठी, म्हणजे डायलिसिससाठी हातात करतात त्या रक्तवाहिन्यांच्या जोडणीसाठी, लागू शकतात, त्या आतापासून जपा.

मामांना हे सांगताना ‘तुमच्या काढ्यानं नुकसान झालं’ असं म्हणू नका. तसा पुरावा माझ्याकडे नाही, आणि त्यांनी धावपळ केली ती मायेपोटी. जानेवारी, जून आणि ऑगस्टचे तीन रिपोर्ट त्यांच्यापुढे एका ओळीत ठेवा आणि जूनच्या कागदावर पेन्सिलीनं ‘जुलाब’ एवढंच लिहा. पुडीतली उरलेली भरड फेकू नका, डबीत घालून तारीख लिहून ठेवा. पोटॅशियमचा रिपोर्ट आला की डबी, लाल गोळी आणि तिन्ही कागद घेऊन वडिलांसोबत डॉक्टरांकडे जा.